कारण क्रमांक तीन

तुओवी हाकोसालो गेल्या नोव्हेंबरात वारली. आमच्या कुर्नायार्वी गावच्या साप्ताहिकात तिच्याविषयी चार ओळी आल्या आणि त्या चार ओळींत तिची जन्मतारीख चुकली होती. जन्मतारीख चुकणे ही तिच्या लेखी अक्षम्य गोष्ट होती, कारण आमच्या आरोग्य केंद्राच्या तळघरातील एकोणीस हजार फायली ती आडनावांप्रमाणे नव्हे, तर जन्मतारखांप्रमाणे लावीत असे. तिचा जन्म १९४३ सालच्या मार्चच्या अकराव्या तारखेचा, एकविसाव्या नव्हे. एवढी दुरुस्ती करावी म्हणून मी लिहावयास बसलो, आणि मग ध्यानात आले की दुरुस्त करण्याजोगे आणखीही काही आहे.

त्या केंद्राचा प्रशासकीय प्रमुख म्हणून मी बावीस वर्षे काम केले. मी रुजू झालो तेव्हा तुओवी तळघरात सतरा वर्षे काढून चुकली होती. उंच, सडपातळ, पायांत स्वतः विणलेले करडे लोकरी मोजे, कानामागे पेन्सिल. शाईला ती हात लावीत नसे, कारण तळघरातील दमटपणाने शाई फुटते. फळीवरून एखादी फाइल बाहेर गेली की तिच्या जागी हिरवा पुठ्ठा उभा राहावयाचा. त्यावर कोणी नेली, किती वाजता नेली आणि कशासाठी नेली एवढे लिहून सही करावयाची. हा नियम माझ्या आधीचा होता, परंतु तो पाळला जाई तो केवळ तिच्यामुळे.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात आमचे मुख्य डॉक्टर एक फाइल सही न करता घरी घेऊन गेले. शनिवार होता. तुओवी बर्फावरून पायाने रेटायची घसरगाडी घेऊन अडीच मैलांवरच्या त्यांच्या सौनापाशी, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरापाशी, पोहोचली आणि तिने दार वाजवले.

"डॉक्टर, पुठ्ठा कोरा आहे."

"अगं बाई, मी वाफेत बसलोय. अंगावर काही नाही माझ्या."

"सहीला कपडे लागत नाहीत. हात बाहेर काढा."

हात बाहेर आला, सही झाली. ओल्या बोटांनी पुठ्ठ्याला पडलेला डाग तिने पुढे कित्येक वर्षे नव्या परिचारिकांना दाखवला. डॉक्टरांनीच ही हकीकत सर्वांना सांगितली म्हणून ती मला ठाऊक. तुओवी डाग तेवढा दाखवी, हकीकत कधी सांगत नसे.

१९९६ साली संगणक आले. तळघर रिकामे झाले, फायली प्रांताच्या अभिलेखागारात गेल्या आणि तुओवीला दुसऱ्या मजल्यावर, सरोवराकडे खिडकी असलेले टेबल मिळाले. तिचे नवे काम म्हणजे लॉग तपासणे. कोणत्या कर्मचाऱ्याने कोणत्या रुग्णाची फाइल किती वाजता उघडली आणि तीत काही लिहिले असल्यास ते किती वाजता जतन केले, याची यंत्राने आपोआप ठेवलेली यादी म्हणजे लॉग. आमच्या त्या पहिल्या यंत्रात दोन उणिवा होत्या. फाइल बंद केव्हा केली हे ते नोंदवीत नसे. आणि एकदा मजकूर बदलून जतन केला की जुना मजकूर त्यात उरत नसे. डॉक्टरांच्या नोंदी तीन दिवसांपर्यंत दुरुस्तीस खुल्या राहात, त्यानंतर कायमच्या बंद होत. या दोन्ही उणिवांविषयी तुओवीने मला लेखी कळवले होते. मी ते पत्र वर पाठवले, आणि वरून काहीही आले नाही.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती अहवाल तयार करी. फाइल उघडण्याच्या ज्या नोंदींचे कारण यंत्रावरून उघड होत नसे त्यांची एकेक ओळ, आणि ओळीच्या शेवटी तिने चौकशी करून घातलेला कारणाचा क्रमांक. एक म्हणजे उपचार. दोन म्हणजे कार्यालयीन काम. तीन म्हणजे चुकून उघडली, न वाचता लगेच बंद केली. चार म्हणजे कारणाविना. तीन क्रमांक आमच्याकडे वारंवार लागे, कारण कुर्नायार्वीत निम्मे गाव प्यूक्को आडनावाचे आहे आणि उरलेल्यांत एका नावाच्या तीन तीन माणसांना तोटा नाही. चार क्रमांक लागला की कर्मचाऱ्याला लेखी ताकीद मिळे, रुग्णाला पत्र जाई आणि रुग्णाची इच्छा असल्यास प्रकरण पोलिसांकडे जाई.

चार लिहिताना तुओवीने कोणाची भीड धरली नाही. स्वतःच्या मावसभावाच्या बायकोला तिने चार दिला. स्वागतकक्षातील हेइनी नावाच्या मुलीने स्वतःच्याच रक्ततपासणीचा निकाल पाहिला, तर तिलाही दिला. तो संवाद माझ्या दारासमोरच झाला.

"माझंच रक्त आहे ते, तुओवी."

"रक्त तुझं. फाइल केंद्राची. अर्ज भर, तीन दिवसांत प्रत मिळेल."

"आणि तीन दिवसांत मी मेले तर?"

"तर अर्ज तुझा वारस करील."

हेइनी रडली. तुओवीने तिला अर्जाचा नमुना दिला आणि खाली बसून तो भरावयास मदतही केली. कामात ती कोणावर डूख धरीत नसे. परंतु हे ज्याला चार मिळाला त्याला पटणे कठीण. दुपारी दीडला सगळे केंद्र कॉफीच्या खोलीत जमे, वेलचीच्या पावाचे ताट फिरे, आणि तुओवीच्या शेजारची खुर्ची रिकामी राहात असे. त्या खुर्चीवर बसणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे वॉर्डातील परिचारिका राइली प्यूक्को.

राइली आणि तुओवी शाळेपासूनच्या मैत्रिणी. राइली रुंद बांध्याची, मोठ्याने बोलणारी, तरुणपणीच विधवा झालेली. तिला एकुलता एक मुलगा, इल्पो. तो जंगलात वृक्षतोडीचे यंत्र चालवी. आईचे अंगण झाले की न सांगता तुओवीच्या अंगणातला बर्फही तो ट्रॅक्टरने बाजूला सारी, आणि तुओवी त्याला दर नाताळात मोज्यांची एक जोडी देई. शनिवारी दोघी मैत्रिणी राइलीच्या सौनात बसत. संपूर्ण केंद्रात तुओवीची थट्टा करण्याची मुभा फक्त राइलीला होती.

"तुओवी, काल मी तुझ्या स्वप्नात आले होते का गं? लॉगमध्ये बघून सांग."

"आली होतीस. कारण काही सापडलं नाही."

"म्हणजे चार?"

"चारच."

तुओवीला हसताना मी पाहिले ते या खुर्चीपाशीच.

२००६ सालच्या फेब्रुवारीत, दहा तारखेला शुक्रवारी, इल्पो केंद्रात आला. डावा खांदा आणि जबडा दुखत असल्याची त्याची तक्रार होती. त्या दिवशीचे डॉक्टर फॉर्सब्लूम यांनी त्याला तपासले, वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि घरी पाठवले. रविवारी सकाळी तो आईच्या अंगणात फावड्याने पायऱ्या मोकळ्या करीत असता खाली पडला. राइलीने वीस मिनिटे त्याची छाती दाबली; रुग्णवाहिका आली तेव्हा ती बाजूला होईना, असे चालकाने सांगितले. इल्पो अडतीस वर्षांचा होता.

सोमवारी राइली कामावर आली. तिला घरी पाठवण्याचा प्रयत्न वॉर्डच्या मुख्य परिचारिकेने केला, परंतु घरी ते अंगण होते. दुपारी सर्व जण कॉफीला गेले असता, एक वाजून चाळीस मिनिटांनी, तिने वॉर्डातील यंत्रावर आपल्या मुलाची फाइल उघडली.

चार मार्चला, शनिवारी, इल्पोचे दफन झाले. तुओवी राइलीच्या डाव्या बाजूस उभी होती. सहा मार्चला, सोमवारी, तुओवी अहवाल घेऊन माझ्या खोलीत आली.

ती नेहमी समोरच्या खुर्चीवर बसत असे. त्या दिवशी ती उभी राहिली.

"साहेब, या महिन्यात चार क्रमांकाचं काही नाही."

"उत्तम," मी म्हणालो.

अहवाल दोन पानांचा होता. मी प्रत्येक ओळ वाचतो. न वाचता मी आयुष्यात कशावरही सही केलेली नाही. सतराव्या ओळीत तारीख होती तेरा फेब्रुवारी, वेळ एक वाजून चाळीस मिनिटे, कर्मचारी राइली प्यूक्को, रुग्ण इल्पो प्यूक्को, कारण तीन. चुकून उघडली, न वाचता लगेच बंद केली. मी वर पाहिले. तुओवी खिडकीबाहेर पाहात होती. सरोवराच्या बर्फावर कोणी मासे पकडण्यासाठी भोक पाडीत होते. मी पुन्हा ओळ वाचली. त्यानंतर मी सही केली, दिनांक घातला आणि कागद तिच्या हाती दिला.

"धन्यवाद, साहेब," ती म्हणाली. यापूर्वी सहीबद्दल तिने माझे आभार मानले नव्हते.

मृताच्या निकटच्या नातलगाला लेखी अर्ज करून फाइलीची प्रत मागता येते. राइलीने हा अर्ज मार्चच्या शेवटी केला. विमा कंपनीने मागितला म्हणून केला. तिला स्वतःला त्याची गरज वाटत नव्हती, कारण फाइलीत काय आहे ते तिने वाचले होते. प्रत एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात टपालाने आली, आणि त्याच संध्याकाळी राइली तुओवीच्या घरी गेली. त्यानंतर दोघींत जे बोलणे झाले ते तुओवीने पुढे आपल्या जबानीत शब्दशः लिहून दिले, त्यामुळे मला ते सांगता येते.

राइलीने कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला.

"वाच."

"मला अधिकार नाही."

"अगं, मी देतेय ना अधिकार. त्याची आई आहे मी. वाच."

तुओवीने वाचले. शुक्रवारची नोंद होती. खांदा दुखतो. जबड्यातही कळ. काम वृक्षतोडीचे. वेदनाशामक दिले. घरी. आणि शेवटी एक वाक्य होते की, हृदयाचा आलेख काढण्याचे सुचवले. रुग्णाने नकार दिला.

"ते शेवटचं वाक्य," राइली म्हणाली, "ते त्या दिवशी नव्हतं."

"कुठल्या दिवशी?"

"आता तू मला हे विचारणार? सोमवारी. मी उघडली होती फाइल. तुला दिसलंच असणार, तुला सगळं दिसतं. चार ओळी होत्या. मी त्या इतक्यांदा वाचल्या की डोळे मिटले तरी दिसतात. 'वेदनाशामक दिले. घरी.' बस. आलेखाचं नाव नव्हतं कुठं. कोणी त्याला विचारलंच नव्हतं, तुओवी. आणि आता लिहिलंय की तो नाही म्हणाला. म्हणजे माझा पोरगा स्वतःच्या हट्टानं मेला."

पाच वाजून काही मिनिटे झाली होती आणि लॉग तिला तोंडपाठ होता. तेरा फेब्रुवारी, एक वाजून चाळीस मिनिटे, राइली प्यूक्को, उघडली. त्याच्या खालची ओळ अशी की, तेरा फेब्रुवारी, चार वाजून पाच मिनिटे, डॉक्टर फॉर्सब्लूम, उघडली आणि जतन केली. डॉक्टरांनी आपल्याच नोंदीत काही दुरुस्त करणे यात वावगे काही नव्हते, म्हणून त्या ओळीला क्रमांक लावावा लागला नव्हता.

"महिनाभर मी घाबरून होते," राइली म्हणत होती. "रोज वाटायचं, आज तू मला बोलावशील. आज चार देशील. आता मीच म्हणते, दे. ताकीद दे, पोलिसांत दे, माझं काय व्हायचं ते होऊ दे. फक्त एवढं लिही की मी पावणेदोनला वाचलं आणि डॉक्टरनं ते नंतर बदललं. माझं वाचणं लॉगमध्ये आहे. दुसरा साक्षीदार नाही मला."

"राइली."

"काय?"

"मी तीन लिहिलंय."

"काय तीन?"

"चुकून उघडली. वाचली नाही. लगेच बंद केली. असं लिहून दिलंय, सहीनिशी."

राइलीने कागद स्वतःकडे ओढला.

"मी मागितलं होतं का तुझ्याकडे?"

"नाही."

"मला विचारलंस तरी?"

"नाही. विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस."

"अख्ख्या गावाला चार वाटत आलीस, बाई. हेइनीला तिच्या रक्तासाठी दिलास. मग मलाच तीन कशाला?"

या प्रश्नाचे उत्तर जबानीत नाही. राइलीने कागदाची घडी केली, कोट घातला आणि दारात उभी राहून म्हणाली, "तू मला पकडून द्यायला हवं होतंस." त्यानंतर या दोघी एकमेकींशी बोलल्याचे कोणी ऐकले नाही. तुओवी आणखी सतरा वर्षे जगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तुओवी माझ्या खोलीत आली आणि दोन पानी कबुलीजबाब माझ्यासमोर ठेवून बसली.

"हे प्रांताच्या देखरेख कार्यालयाकडे पाठवायचंय, साहेब. तुमच्यामार्फत."

मी वाचले. तिने काही सौम्य केले नव्हते. अहवालातील सतरावी ओळ मी जाणूनबुजून खोटी लिहिली आणि राइली प्यूक्को हिने ती फाइल वाचली आहे, असे तिने स्पष्ट लिहिले होते.

"तुओवी, सप्टेंबरात तुमची निवृत्ती आहे."

"आहे."

"याचा परिणाम काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. आणि उपयोग होईलच असं नाही. तुम्ही आज म्हणाल की मार्चमध्ये मी खोटं लिहिलं. ते म्हणतील, मग आज खरं लिहिता कशावरून? मैत्रिणीसाठी तेव्हा खोटं, मैत्रिणीसाठी आताही खोटं."

"तसं म्हणतील," ती म्हणाली. "म्हणून तर तुमच्याकडे आले. तुम्ही सतरावी ओळ वाचली होती."

"मी प्रत्येक ओळ वाचतो."

"तेच म्हणते मी."

ती वाट पाहात बसली. मी कबुलीजबाबावर पोच लिहिली, शिक्का मारला आणि म्हणालो की आजच्याच टपालाने जाईल. ती उठली. दारापाशी थांबून तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. पुठ्ठा कोरा परत आला तर ती ज्या नजरेने त्याच्याकडे पाही, ती नजर होती.

मी स्वतः त्या वर्षी जूनअखेर निवृत्त होणार होतो. निरोपाचा समारंभ ठरला होता, नगरपालिकेने शाल आणि सरोवराचे एक चित्र तयार ठेवले होते. देखरेख कार्यालयाने मे महिन्यात मला दोन लेखी प्रश्न विचारले. अहवालावरील सही आपली आहे काय? अहवाल स्वीकारताना विहित पद्धती पाळली गेली काय? दोन्ही प्रश्नांची उत्तरे मी खरी दिली. होय, आणि होय. सतरावी ओळ खोटी असल्याचे सही करताना आपणांस ठाऊक होते काय, असा प्रश्न त्यात नव्हता. आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची कार्यालयीन रीत नाही.

डॉक्टर फॉर्सब्लूम यांनी कळवले की चार वाजताची दुरुस्ती ही टंकलेखनातील एका चुकीची होती. ते सभ्य गृहस्थ होते, रुग्णांना आवडत. त्या शुक्रवारी त्यांनी सलग सोळा तास काम केले होते. त्यांनी त्या वाक्याविषयी काय स्वतःशी ठरवले असेल ते मी जाणत नाही. शरद ऋतूत ते दक्षिणेला, किनाऱ्यावरच्या एका शहरात, दुसऱ्या नोकरीवर गेले.

तुओवीला जूनमध्ये कामावरून कमी करण्यात आले. तिच्या टेबलावरचा मग, पेन्सिली आणि खिडकीतले जिरेनियमचे रोप हेइनीने खोक्यात भरून तिच्या घरी पोहोचवले; तिने विचारले, "काही निरोप आहे का कोणाला?" तुओवी म्हणाली, "फेब्रुवारीच्या मागच्या माझ्या सगळ्या अहवालांची फेरतपासणी करायला सांग. एक खोटा निघाला तर बाकीचे खरे कशावरून?" न्यायालयाने तिला खोट्या नोंदीबद्दल आणि राइलीला मुलाची फाइल उघडल्याबद्दल दंड केला. राइलीने तो सुनावणीच्याच दिवशी भरला.

देखरेख कार्यालयाचा निर्णय पुढच्या जानेवारीत आला. त्यातील मुख्य वाक्य असे होते की, पूर्वीचा मजकूर भिन्न होता असे दर्शविणारा विश्वासार्ह पुरावा उपलब्ध नसल्याने नोंद आहे तशी ग्राह्य धरण्यात येत आहे. म्हणजे, हृदयाचा आलेख काढण्याचे सुचवले, रुग्णाने नकार दिला, हे कायम झाले.

पुढच्या वर्षांत तुओवी मला बहुधा नगर-वाचनालयात दिसे. तिथल्या वाचनकक्षात वर्तमानपत्रे तारखांप्रमाणे लावून ठेवण्याचे काम तिने आपणहून पत्करले होते. कोणी शुक्रवारचा अंक बुधवारच्या खाली खुपसून गेला की ती उठून तो नीट लावी. आम्ही एकमेकांस अभिवादन करीत असू. त्या विषयावर ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही, आणि मीही काढला नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सारे गाव कबरींवर मेणबत्त्या लावते. तुओवी त्या दिवशी सकाळी, उजाडता उजाडता, घसरगाडीवरून दफनभूमीत येई आणि इल्पोच्या कबरीवर एक मेणबत्ती लावून निघून जाई. राइली दुपारी येई. ती तुओवीची मेणबत्ती उचली आणि न विझवता शेजारच्या कबरीवर ठेवी. तिथे कोणी म्हातारा शिंपी पुरलेला आहे, त्याचे मागे कोणी नाही. मग ती आपली मेणबत्ती लावी. माझ्या पत्नीची कबर त्याच रांगेत असल्याने मी हे दर वर्षी पाही. सतरा नाताळ हे असेच झाले.

गेल्या नाताळात शिंप्याची कबर काळोखी होती. राइली आता काठीने चालते. तिने आपली मेणबत्ती लावली, आगपेटी खिशात घातली आणि शेजारच्या दगडावरच्या अस्पर्श बर्फाकडे पाहात उभी राहिली. मी जवळ गेलो.

"तुओवी नोव्हेंबरात गेली," मी म्हणालो.

"माहीत आहे मला." ती म्हणाली, "शेवटी माझ्याच जुन्या वॉर्डात होती म्हणे. मुलींनी मला फोन करून विचारलं, भेटायला येतेस का. मी गेले नाही."

मग ती माझ्याकडे वळली.

"साहेब, एक विचारू? तो मार्चमधला कागद. सही करायच्या आधी तुम्ही वाचला होता?"

"वाचला होता."

"आणि कळलं होतं? की खोटं आहे?"

सतरा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

"कळलं होतं. दोनच दिवसांपूर्वी आपण सगळे इथेच उभे होतो."

राइलीने मान डोलावली. जणू एखाद्या रुग्णाने दुखते ती जागा दाखवली असावी.

"म्हणजे दोघं झाले असते," ती म्हणाली. "ती एकटी होती म्हणून कोणी ऐकलं नाही. तुम्ही दोघं झाला असतात."

"होय."

"मग लिहा कुठंतरी. तुम्हाला लिहिता येतं."

तिने हातमोज्यांवरचा बर्फ झटकला आणि काठी टेकीत फाटकाकडे गेली.

जानेवारीत मी देखरेख कार्यालयास पत्र लिहिले. त्यात लिहिले की मार्च २००६ च्या अहवालातील सतरावी ओळ खोटी होती आणि सही करताना ते मला ठाऊक होते; राइली प्यूक्को हिने आपल्या मुलाची फाइल तेरा फेब्रुवारीस दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी उघडली आणि वाचली; म्हणून तिची साक्ष पुन्हा तपासली जावी. पत्रासोबत माझ्या ओळखपत्राची प्रत जोडली.

उत्तर तीन आठवड्यांनी आले. दोन वाक्यांचे होते. प्रकरणातील मुदत संपली असून संबंधित डॉक्टर हयात नाहीत. आपण उल्लेखिलेल्या वर्षाचा लॉग जतनाचा काळ पूर्ण झाल्याने नियमानुसार नष्ट करण्यात आला आहे.

इल्पोची फाइल मात्र आहे, त्या शेवटच्या वाक्यासह. इतरत्र अशी फाइल मृत्यूनंतर बारा वर्षांनी नष्ट करतात. आमच्या प्रांतात ती कायम ठेवतात.